सोमवारचे दहा मासे

माझ्या तोंडून बाहेर पडली नाही अशी गोष्ट बऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यात शोधूनही सापडायची नाही — ही एक सोडून. बायकोला सांगितली नाही. देवापुढे बसून मनातल्या मनात म्हटली, तीही अर्धीच. आज तुम्हाला सांगतोय, आणि तुम्ही मला ओळखत नाही म्हणून आधीच बजावून ठेवतो — मी वाढवून सांगणारा माणूस आहे. सगळी नोकरी शाळेत गणित शिकवण्यात गेली, पण आकडा माझ्या तोंडून निघाला की त्याच्या मागे एक शून्य आपोआप येऊन बसतं. तापीच्या पुरात पोत्याएवढा मासा माझ्या मांडीवर येऊन बसला होता, हे मी इतक्यांदा सांगितलंय की आता मला त्याचे डोळेसुद्धा आठवतात. लोक हसतात, ‘माटसाब, छोडो ना’ म्हणतात, आणि चहाला पुन्हा येतात.

इथे शून्यं काढून सांगणार आहे. जमेल तितकी.

मला माशांचा नाद. खायचा नाही, पाळायचा. गच्चीवर हिरवी जाळी बांधली होती — केळीच्या रोपांवर बांधतात ती, देडतलाईच्या एका जुन्या विद्यार्थ्याने आणून दिलेली. तिच्याखाली कापलेले निळे ड्रम, थर्माकोलची खोकी आणि एक तडा गेलेला सिमेंटचा हौद. त्यात गप्पी मासे. खाली बैठकीत, काचेच्या टाकीत, माझा ऑस्कर जातीचा मासा — हातभर लांब. नाही, वीतभर. त्याचं नाव कलेक्टर, कारण तो कुणासाठी जागचा हलायचा नाही.

गच्चीवरचे मासे खालच्या माशासाठी. गप्पीची मादी अंडी घालत नाही, थेट पिल्लंच देते. पोट चौकोनी दिसायला लागलं की तिला वेगळ्या डब्यात काढायची, पिल्लं झाली की पुन्हा तिलाच बाहेर काढायची, नाहीतर स्वतःचीच पिल्लं खाते. पिल्लांना उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून द्यायचा. महिना-दोन महिने पोरांसारखं सांभाळायचं — आणि मग जाळीने काढून कलेक्टरपुढे ओतायचं. तुम्हाला वाटेल, हाच तो गुन्हा. खायला घालण्यासाठी जन्माला घालायचं. खरं सांगू? त्याचं मला कधी काही वाटलं नाही. आजही वाटत नाही. वाटायला हवं होतं का? असेल. पण मी आलोय ते त्यासाठी नाही.

घरी पैदास करायचं कारण एकच. बाहेरून आणलेला जिवंत मासा रोग घेऊन येतो. म्हणून नियम असा, की बाहेरचा मासा पंधरा दिवस वेगळ्या टबात, खडे मिठाच्या पाण्यात ठेवायचा, मगच मोठ्याला द्यायचा. हा नियम मी अख्ख्या बऱ्हाणपूरला ऐकवला होता. आणि वर सांगायचो — माझे गप्पी चाळीस पिढ्यांचे आहेत, गच्चीबाहेरचा थेंब त्यांना लागलेला नाही. चाळीस कुठल्या? सात-आठ झाल्या असतील.

आता नाना. समोरच्या घरातले, कचेरीतून निवृत्त झालेले, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. बायको गेल्यावर हा माणूस वर्षभर ओट्यावर नुसता बसून होता. मुलगा राजू इंदूरला नोकरीला, शनिवारी यायचा. घरात नाना आणि सून सविता. मीच एक दिवस कलेक्टरच्या पाठचा ऑस्कर नानांच्या घरात नेऊन सोडला, अंगठ्याएवढा. नानांनी त्याचं नाव पैलवान ठेवलं. सहा महिन्यांत तो त्यांच्या बोटाला ओळखायला लागला, आणि नाना बोलायला लागले. मी गावभर सांगितलं — एका माशाने मेलेला माणूस उठवला. ही गोष्ट मात्र मी फारशी वाढवली नव्हती.

नानांचा सोमवार असायचा. दिवसभर उपास, संध्याकाळी सोडायचा. कांदा-लसूण न खाणारा हा माणूस, पण पैलवानाला आठवड्यातून एकदा, सोमवारीच, जिवंत मासे. आधी त्याच्यापुढे दहा गप्पी सोडायचे, त्याचं झालं की मग स्वतः ताटावर बसायचं. ‘त्याचा पण सोमवार आहे, माटसाब,’ म्हणायचे. सविता लोणच्याची रिकामी बरणी घेऊन पाचच्या सुमाराला माझ्या दारात यायची. दहा मासे मोजून घ्यायची. नानांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून टाकीचं सगळं तीच बघायची. पाणी बदलणं, काच पुसणं. नळाला पाणी एक दिवसाआड, त्यात ब्लीचिंग पावडर, म्हणून ते आधी ड्रममध्ये दोन दिवस ठेवायचं — हेही मीच तिला शिकवलेलं. ती वहीत लिहून घ्यायची. माझ्या वर्गात इतक्या मन लावून ऐकणारी मुलगी मला कधी मिळाली नाही.

मी लांबण लावतोय, कळतंय मला. येतो मुद्द्यावर.

एका रविवारी खकनारहून माझा मेव्हणा आला, बायका-पोरं घेऊन. माणसं बघितली की माझ्या अंगात येतं. कलेक्टरचा खेळ सुरू केला. आधी वीस पिल्लं सोडली, मग आणखी वीस. पोरं टाळ्या पिटत होती. मेव्हणा सोफ्यावर पाय दुमडून बसला होता. म्हणाला, ‘बस इतकंच, दाजी? तुम्ही तर सांगत होते शंभर खातो.’

मी गच्चीवर गेलो. पिल्लं संपली होती. मग हौदातले मोठे काढले. मग वेगळ्या डब्यातल्या माद्या, चौकोनी पोटाच्या, त्यासुद्धा. कलेक्टरचं पोट केव्हाच भरलं होतं. तो नुसता तोंडात धरत होता, शेपट्या बाहेर लोंबत होत्या, सोडत होता, पुन्हा धरत होता. एक मादी अर्धी झाली आणि तिच्यातून पिल्लं बाहेर पडली. ती पोहायला लागली. मेव्हण्याची धाकटी रडायला लागली तेव्हा त्याची बायको म्हणाली, ‘पुरे आता, भाऊजी.’ मी म्हटलं, हे तर काहीच नाही, गच्चीवर हजार आहेत.

गच्चीवर एकही नव्हता.

दुसऱ्या दिवशी पाचला सविता बरणी घेऊन आली. मी काय सांगायला हवं होतं? मासे संपले. तीन शब्द होतात का — दोनच. पण मग का संपले ते आलं, चाळीस पिढ्या एका दुपारी कुठे गेल्या ते आलं. आणि नाना उपाशी बसलेले. मी म्हटलं, ‘अर्ध्या तासाने ये बेटा, आंघोळ घालतोय माशांना.’ ती हसली. मी स्कूटर काढली, दुधाची बरणी आणि चहाची गाळणी घेतली, आणि गावाबाहेर नाल्यावर गेलो. डासांसाठी कुणीतरी सोडलेले गप्पी तिथे काळ्या पाण्यात वळवळत असतात. गाळणीने उपसले. एकाच्या पाठीवर पांढरा कापसासारखा ठिपका होता. तो मी बघितला. बोटाने काढून गवतात फेकला. आणि मग दहा मोजले.

तो ठिपका मी बघितला होता, हे लक्षात ठेवा. मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

पुढच्या सोमवारी पैलवानाने तोंड उघडलं नाही. अंगावर पांढरे ठिपके, पंख चिकटलेले, दगडावर अंग घासत होता. नाना त्याच्यापुढे स्टूल टाकून बसले. तो खाईना म्हणून तेही ताटावर बसले नाहीत. मंगळवारी सकाळी सविताने कसंबसं दूध पाजलं. बुधवारी दुपारी मासा उलटा झाला.

मला बोलावणं आलं. नानांनी तो हातात धरला होता, फडक्यात गुंडाळून. म्हणाले, ‘माटसाब, तुम्ही जाणकार. काय झालं ते सांगा.’

सविता दाराशी उभी होती. रविवारीच तिने पाणी बदललं होतं — आठवड्याने बदलायचं, मीच सांगितलं होतं म्हणून. आणि मी तोंड उघडलं. त्या क्षणापर्यंत, शपथेवर सांगतो, काय बोलणार ते मला ठाऊक नव्हतं. म्हणालो, ‘नळाचं पाणी पडलंय थेट. ब्लीचिंगने भाजतं अंग. हे बघा डाग.’

खंडव्याच्या एका माणसाची गोष्टही लगेच सांगितली, त्याच्या टाकीत असंच झालं होतं म्हणून. असा कुणी माणूस नाही. पण त्याला मी घर दिलं, मिशा दिल्या, त्याच्या बायकोला घाईची सवय दिली. मला ते येतं ना.

‘नाही काका,’ सविता म्हणाली. ‘ड्रमातलंच होतं. दोन दिवसाचं.’

मी तिच्याकडे बघून, अगदी मायेने, म्हणालो, ‘मग हे डाग कशाचे गं?’

ती उत्तर शोधत राहिली. खरंच शोधत होती — तिला वाटलं, मी विचारतोय म्हणजे उत्तर असेल. नानांनी फडकं नीट केलं. एवढंच बोलले, ‘घाई झाली असंल तुला.’

त्या दिवसापासून नानांनी तिच्या हातचं पाणी सोडलं. जेवत होते, चहा घेत होते. पाणी मात्र नाही. ती तांब्या-भांडं जवळ ठेवायची, ते भिंत धरत उठायचे आणि माठातून स्वतः घ्यायचे. भांडं तसंच भरलेलं राहायचं. मी समोरच्या घरातून बघायचो. त्या घराकडे पाठ करून बसता येईल अशी खुर्चीही माझ्या बैठकीत होती.

दोन-तीन महिन्यांनी राजू मला गल्लीत भेटला. ‘अंकल, उसको समझाओ ना तुम्ही. एक बार माफी मांग ले, विषय खतम. पप्पा बोलत नाहीत, ती जेवत नाही, मी कुठे कुठे बघू?’ मी समजावलं. ऐका — मी, सविताला, समजावलं, की मोठ्यांपुढे वाकण्यात कमीपणा नसतो.

आणि तिने माफी मागितली. माझ्यासमोर, नानांच्या पायांना हात लावून. म्हणाली, ‘चुकलं नाना. नळाचंच पाणी होतं.’

न केलेलं कबूल केलं तिने. घर नीट व्हावं म्हणून. नाना तिच्याकडे बघून म्हणाले, ‘मग तेव्हा खोटं का बोलली?’

याला कुणाकडे उत्तर होतं? माझ्याकडे होतं. मी पंख्याकडे बघत बसलो. तोवर ती घाई करणारी सून होती. त्या दिवशी खोटारडी झाली. राजूसुद्धा तिच्याकडे तसंच बघायला लागला. ‘पप्पांसमोर झूठ बोलायची काय गरज होती’ — हे मी त्यांच्या खिडकीतून ऐकलं, एकदा नाही.

मी काय केलं? गच्चीवर पुन्हा मासे उभे केले. दुकानातून आणून, मिठाच्या पाण्यात पंधरा दिवस ठेवून, सगळं नियमाने. वर्षभराने आल्यागेल्याला पुन्हा सांगायला लागलो — चाळीस पिढ्यांचे आहेत. नानांना दुसरा ऑस्कर देऊ का विचारलं. नको म्हणाले.

नाना गेले ते त्याच्या पुढच्या वर्षी. दहा-बारा दिवस अंथरुणाला होते. शेवटच्या दिवशी दुपारी सविताने मला हाक मारली. राजू इंदूरहून निघाला होता, पोचायला वेळ होता. गल्लीतल्या दोन बायका होत्या. नानांचा श्वास वर लागला होता, पण शुद्ध होती — हाक मारली की डोळे फिरायचे. कुणीतरी गंगाजलाची कुपी काढली. सविताने चमच्यात घेतलं, तुळशीचं पान टाकलं, आणि त्यांच्या ओठांना लावलं.

नानांनी ओठ मिटले. पाणी हनुवटीवरून मानेत गेलं. तिने पदराने पुसलं, पुन्हा चमचा भरला, पुन्हा लावला. पुन्हा तसंच. त्या दोन्ही बायकांनी एकमेकींकडे बघितलं, ते तिने बघितलं.

मग ती उठली आणि चमचा माझ्यापुढे धरला. ‘काका, तुम्ही द्या.’

त्यांचा कान माझ्या तोंडापासून वीतभर होता. वीतभरच, इथे शून्य नाही. एक वाक्य पुरलं असतं — नाना, मासे नाल्यावरचे होते. ते ऐकू शकत होते. ती तिथेच उभी होती, तिचं पाणी घ्यायला त्यांना अजून वेळ होता. मी आयुष्यभर बोललो. गावात माझ्याइतकं कुणी बोललं नसेल.

मी चमचा घेतला. नानांनी तोंड उघडलं. पाणी आत गेलं, घोट गिळल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने ते गेले.

सविता अजून समोरच राहते. राजू आता पंधरा-पंधरा दिवस येत नाही. कुणी नातेवाईक आले, नानांचा विषय निघाला, की ती मलाही बोलावते. सगळ्यांना सांगते, शेवटी काका होते म्हणून नानांच्या तोंडात पाणी पडलं, नाहीतर तसेच गेले असते. लोक माझ्याकडे बघतात.

मी मान डोलावतो.