भिंगकाकांचे आडवे व्हिडिओ

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या काकांच्या डोळ्याला सदा भिंग, म्हणून अख्खी गल्ली त्यांना भिंगकाकाच म्हणे. उजवा हात थरथरू लागला, तसे ते आपलं काम मोबाइलवर टिपून ठेवू लागले. तेही फोन आडवातिडवा टेकवून! सगळे व्हिडिओ कुशीवर निजलेले.

ते हवे होते पुतणीला. परगावी तिनं घड्याळदुरुस्तीचं दुकान थाटलं होतं आणि पहिलंच गिऱ्हाईक आपल्या आजोबांचं चावीचं घड्याळ ठेवून गेलं होतं. त्यात एक स्क्रू उलट्या आट्यांचा. बाकीचे डावीकडे फिरवले की सुटतात, हा उजवीकडे. चुकीच्या बाजूला जोर लावला की तुटलाच, आणि दुकानाचं नावही गेलं.

तसला स्क्रू सोडवतानाचा काकांचा व्हिडिओ उभा करायला पुतणीनं एक ओळ लिहून पाठवली. कॉम्प्युटरच्या काळ्या खिडकीत ती टाइप करायची, शेवटी चित्र कसं फिरवायचं ते सांगणारा, शून्य ते तीनपैकी एक आकडा. "काका, एक टाका," तिनं बजावलं होतं. पण ऐकतील तर ते काका कसले! शून्य कशाला ठेवलं असेल? टाकून पाहिलं. चित्र झकास उभं राहिलं. कमीत कमी फिरवावं, हा तर त्यांच्या धंद्याचा पहिला नियम. शून्याचा व्हिडिओ त्यांनी पाठवून दिला.

मग एकानं वेगळं काय होतं, हा किडा डोक्यात वळवळू लागला. तोही करून पाहिला, दोन्ही शेजारी लावले. दोन्ही उभेच. पण शून्याच्या व्हिडिओत मागच्या भिंतीवरचा सेकंदकाटा उलटा धावत होता! चित्र आरशातल्यासारखं फिरलं होतं, म्हणजे तो स्क्रूही. पुतणी तो चुकीच्या बाजूला फिरवणार!

काकांनी तिला फोन लावला, लागेना. तीनदा लावला. चौथ्यांदा तिचाच आला.

"स्क्रूला हात लावलास?"

"नाही. किती वेळ तुम्हालाच लावतेय. व्हिडिओत पेचकस डाव्या हातात आहे, काका. उजवा... पार गेला का हो?"

काकांनी उजव्या हाताकडे पाहिलं. फोन त्यातच होता, थरथरत.

"आहे गं," ते म्हणाले, "अजून आहे."