मागचं चाक काढणारे भाऊ

“घाई काऊन करता गुरुजी? चाक का पळून राह्यलं?”

मोटारसायकल मधल्या स्टँडवर चढवायची, मागच्या चाकाला हाताने एक हिसका द्यायचा आणि ते आपोआप थांबेपर्यंत नुसतं बघत बसायचं, ही भाऊंची रीत. फिरता फिरता आरे विरघळून जायचे, मग एकेक करून परत दिसू लागायचे. तोवर भाऊ पान्याला हात लावत नसत. कामाला भिडण्याआधी त्याच्याकडे असं डोळे भरून बघणारा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल.

मी आरमोरीकडच्या एका गावात शाळेवर नवा होतो आणि भाऊ माझे शेजारी. साठीच्या पुढचे, वाळकुडे, गावच्या तलावावर मासेमारी करणाऱ्या सोसायटीचे जुने सभासद. गाडीची चेन सैल झाली की मी आरमोरीला मिस्त्रीकडे निघायचो. एकदा त्यांनी वाटच अडवली.

“चेन कसाले मिस्त्री? उद्या घास भरवाले बी कोणाले बोलवसाल का?”

त्या रविवारी त्यांनी मला अंगणात बसवून मागचं चाक काढायला लावलं. ब्रेकची दांडी सोडवली, मोठा नट सैल केला, चाकातून आरपार जाणारा दांडा ओढला. त्याबरोबर दांड्यावरचं एक बारकं नळकांडं, बुश, टपकन मातीत पडलं. परत बसवताना ते मी दोनदा विसरलो आणि दोन्ही वेळा सगळं पुन्हा खोललं. भाऊ हसले नाहीत. ब्रेकच्या पट्ट्यांवरून पॉलिश पेपर फिरवत गुणगुणत राहिले.

आतून त्यांची बायको म्हणाली, “लोकायच्या चाकाचा आवाज आयकू येते. घरचं दार वर्षभर कुरकुरून राह्यलं, ते नाई आयकू येत.”

भाऊ उठले आणि चेनचंच तेल दाराच्या बिजागरीत सोडून आले.

पुढच्या श्रावणात आम्ही दोघं त्यांच्या गाडीवर तलावासाठी बीज आणायला गेलो. बीज म्हणजे माशांची बोटाएवढी पिल्लं. पाणी आणि हवा भरलेल्या मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत ती दिलेली असतात. परतताना ती पिशवी मांडीवर घेऊन मी मागे बसलो होतो. सागाच्या पानांतून आलेलं ऊन पाण्यातून झिरपून माझ्या सदऱ्यावर हलत होतं. मांडीवर एक तळं घेऊन मी जंगलातून चाललोय, असं वाटत होतं. अर्धी वाट सरली आणि हवा जाऊन मागचं चाक बसलं.

भाऊंनी नेहमीच्या सावकाशीने चाक काढलं, ट्यूब बाहेर घेतली आणि तिथेच हात थांबवला. ट्यूब व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटली होती. तिथे ठिगळ बसत नाही. मोबाईलला रेंज नव्हती आणि रस्ता रिकामा होता. आम्ही बराच वेळ वाट पाहिली. मग पिल्लं पिशवीत वर येऊन तोंडं उघडू लागली.

“थोडं थांबू भाऊ. एखादी गाडी येईल.”

“आपण थांबू गुरुजी. हे कसे थांबतीन?”

रस्त्याच्या खाली दुसऱ्या एका गावाचं तळं होतं. भाऊ गुडघाभर पाण्यात उतरले. आधी पिशवी तशीच तरंगू दिली, मग तळ्याचं थोडं थोडं पाणी आत घेतलं आणि शेवटी तिचं तोंड सोडलं. पिल्लं धुरासारखी पाण्यात पांगली. भाऊ बराच वेळ तिथेच उभे होते. मग बाहेर आले. टायरमध्ये गवत दाबून भरलं आणि आम्ही गाडी ढकलत गावाकडे निघालो.

तलावाच्या पाळीवर सारे सभासद वाट पाहत होते.

“बीज कुठी हाये?”

“सोडलो.”

“कोणाच्या तलावात?”

भाऊंनी त्या गावाचं नाव सांगितलं. गलका झाला. मी मध्ये पडून म्हणालो, काटा लागला, कोणाचा दोष नाही. भाऊंनी मला हाताने गप्प केलं.

“काटा नाई. ट्यूब जुनी होती. मले मालूम होतं. बदलतो बदलतो म्हणत राह्यलो.”

दुसऱ्या वर्षापासून बीज आणायला दुसरा माणूस जाऊ लागला. ज्या दिवशी तो माणूस निघायचा, त्या दिवशी भाऊ सकाळीच त्याच्या दारी जाऊन, न विचारता, त्याचं मागचं चाक तपासून यायचे. तो खाली मान घालून उभा राहायचा.

पुढे माझी बदली पोंभुर्ण्याकडे झाली. बऱ्याच वर्षांनी हिवाळ्यात भेटायला गेलो तेव्हा भाऊंचा उजवा हात लकव्याने गेला होता. माझा ब्रेक वाजत होता, तो त्यांनी लांबूनच ऐकला होता.

“काढा चाक,” ते म्हणाले. “मी बसतो बाजूले.”

मी काढलं, ड्रम पुसला, पुन्हा चढवलं. बुश बसवल्यावर कौतुकाच्या आशेने वर पाहिलं, तर भाऊ उन्हात खाटेवर झोपी गेले होते. तोंड किंचित उघडं, छातीवर दोन-चार मोहाची वाळकी पानं.

ती शेवटची भेट. त्यांना उठवावं असं वाटेना. मी गाडी सुरू न करताच अंगणातून काढली आणि आवाज त्यांच्यापर्यंत पोचणार नाही इतक्या लांबवर, रस्त्याच्या वळणापलीकडे, ढकलत नेली.