पहिल्या रांगेतला पाहुणा

इलुमिनादोला कोंबडी मारवत नसे. घरात रस्सा करायचा तर त्याची बायको पूरिंग सुरी घेई आणि हा मागच्या दारी पाठमोरा उभा राही. पण जत्रेच्या नाटकातला मोरो सुलतान करावा तो त्यानेच. तोंडाला काजळी फासून, दातओठ खात तो मंचावर आला, की आयांच्या मांडीवरची पोरं भोकाड पसरत आणि गाव खूश होई.

हे नाटक त्याच्या आजोबांच्या गावी, उत्तरेकडच्या बेटावर, इलोइलोकडे, स्पॅनिश राज्यात एका पाद्र्याने बसवून दिलेलं. निळ्या कपड्यांतले ख्रिस्ती राजपुत्र, लाल कपड्यांतले मोरो. मोरो म्हणजे मुसलमान, म्हणजे दगाबाज, बायका पळवणारा. शेवटी हरणार आणि गुडघे टेकून बाप्तिस्मा घेणार. स्पॅनिश गेले, अमेरिकन आले. त्यांच्या शाळेतल्या पुस्तकातही तोच मोरो होता, हातात नागमोडी तलवार घेतलेला. वर त्यांनी आमच्या ख्रिस्ती लोकांना सांगितलं, दक्षिणेला मोरोंच्या मुलखात, कोताबातोत, जमिनी पडून आहेत, जा, त्या कसा, तिथल्या रानटी लोकांना माणसात आणा. त्यांच्यामागून आमचं सरकार आलं, त्यानेही तेच सांगितलं. जमिनी पडून नव्हत्या. पण कुणाच्या आहेत, हे विचारायचं आमच्यातल्या एकालाही सुचलं नाही. भांड्याकुंड्यांबरोबर नाटकाचे लाल-निळे कपडे बोटीत भरायचं मात्र बरोबर सुचलं.

इलुमिनादोने खराखुरा मुसलमान पाहिला तो तिथे आल्यावर. नदीला पूर आला होता, पूरिंगला कळा सुरू झालेल्या, आणि दाराशी होडी लावून एक काटकुळा माणूस म्हणाला, चला लवकर. तो गियामाल. त्याच्या घरी, उंचावर, त्याच्याच बायकोच्या हातून पूरिंगची सुटका झाली. तेव्हापासून दोघांचं जमलं. गियामाल त्याला मानोंग म्हणे, थोरला भाऊ. गियामालची धाकटी सापिया तर त्याला पाहताच धावत येऊन खांद्यावर चढे.

म्हणून त्या वर्षी इलुमिनादोने त्यांना जत्रेचं आमंत्रण दिलं. तुमच्याच लोकांचं नाटक आहे, मी सुलतान करतो, असं तो अगदी कौतुकाने सांगून आला. सुलतानाला शोभेलसं काही वस्त्र आहे का, म्हणूनही विचारलं. गियामालने पेटीतून आईचं लग्नातलं वस्त्र काढलं, तिनेच विणलेलं, लाल रेशमाचं, जरीकाठी. "सुलतान करताय ना मानोंग, मग रुबाबात करा," म्हणाला.

जत्रेला पूरिंगने पाहुण्यांची चूल वेगळी मांडली, भांडी नवी आणली, कोंबडी गियामालच्याच हातून कापवली. डुकराचा वाससुद्धा त्यांच्या पानापर्यंत येऊ नये म्हणून नवराबायकोने जिवाचं रान केलं. नाटकाचं मात्र दोघांच्या मनातही आलं नाही.

पाहुण्यांना पहिल्या रांगेत, पाद्र्याशेजारी बसवलं. इलुमिनादो मंचावर आला, समोर पाहिलं, आणि सुलतानाचं गडगडाटी हसू अर्ध्यावरच थांबलं. सापियाने बापाच्या कुशीत तोंड खुपसलं होतं. खांद्यावर गियामालच्या आईचं वस्त्र, तोंडाला काजळी. आपण काय करून बसलो, ते त्याला तेव्हा लख्ख कळलं. थांबता आलं असतं. पण मागून कुणीतरी ओरडलं, मारा त्या मोरोला, टाळ्या पडल्या, आणि इतक्या वर्षांची सवय जिंकली. तो असा हसला, की तसा आयुष्यात कधी हसला नव्हता. राजपुत्राने त्याला लोळवलं, वस्त्र ओढून काढलं, त्यावर बूट रोवून उभा राहिला. गाव उभं राहून टाळ्या पिटत होतं. गियामाल शेवटपर्यंत बसला. जाताना पूरिंगला म्हणाला, जेवण छान झालं होतं.

सकाळी इलुमिनादो धुतलेलं वस्त्र घेऊन गेला. बुटाचा डाग काही निघाला नव्हता. गियामालने बसायला दिलं, कॉफी दिली. सापिया दारातून डोकावली, त्याला पाहून आत पळाली.

"नाटक आहे रे ते," इलुमिनादो म्हणाला. "आजोबांपासून चालत आलंय. पाद्र्याने बसवलेलं. मी नुसता करतो."

"माहीत आहे मानोंग. पाद्र्याने बसवलं असेल. टाळ्या तर काल पडल्या."

इलुमिनादो वस्त्रावरचा डाग अंगठ्याने घासू लागला. कपातली कॉफी तशीच होती.

"पोर रात्रभर झोपली नाही," गियामाल आवाज न चढवता म्हणाला. "मी समजावलं, अगं, तो मोरो नाही, आपले मानोंग आहेत. तर विचारते, मग मोरो म्हणजे कोण? आमच्या घरात हा शब्द नाही. मला काही सांगता आलं नाही." त्याने आत हाक मारली, "सापिया, बाहेर ये. मानोंग सांगतील."

मुलगी आली आणि हात मागे धरून लांबच उभी राहिली. इलुमिनादोने तोंड उघडलं. अख्खं नाटक पाठ असलेल्या त्या माणसाला एक शब्द सुचेना.