चुना म्हणजे कोणता

पेरणीआधी रानात पांढरी भुकटी फेकत हिंडतो म्हणून लोक त्याला भुकटीदादा म्हणत. भुरका होऊन घरी आला की बायको दारातच विचारायची, "अहो, तुम्हीच ना? की गिरणीतून कुणी पाहुणं आलंय?"

ती भुकटी जिप्समची. त्याचं रान खोलगट, चिकट, पाणी धरून ठेवणारं. सोयाबीन गुडघ्याला लागलं की खोड बुडाशी तपकिरी पडायचं, मुळं सडायची आणि जागोजागी गोल गोल पट्ट्यांत झाडं माना टाकायची. रोगच मातीत, वरून फवारून काय होणार? जिप्सम पडायला लागल्यावर माती भुसभुशीत झाली, पाणी खाली उतरायला लागलं, खोडं टणक झाली. सगळं पीक वाचायचं असं नाही, पण रान बघवत होतं.

फक्त त्याच्या घरात जिप्समला जिप्सम कुणी म्हणत नसे. बापाने पहिली गोणी आणली तेव्हा "चुना आणलाय" म्हणाला, आणि तेव्हापासून तो चुनाच. दुकानदारालाही सवय झालेली. याने "चुना दे" म्हटलं की तो मुकाट्याने जिप्समची गोणी काढून द्यायचा.

धाकट्या भावाला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याचं निम्मं आयुष्य परगावी टायरच्या दुकानात गेलं होतं. वाटणीचं रान कसायला परत आला आणि पहिल्याच वर्षी त्याच्याही सोयाबीनने तशाच माना टाकल्या. विचारायला आला तेव्हा थोरला पेरणीयंत्राखाली उताणा पडलेला.

"दादा, काय टाकू?"

"चुना टाक. हात आखडू नको."

धाकट्याने हात आखडला नाही. घरबांधणीच्या सामानाच्या दुकानातून कळीचा चुना आणला, विझवला आणि रानभर पसरला. जमीन आधीच चुनखडीची. पीक हळदीसारखं पिवळं पडलं, नुसत्या शिरा हिरव्या. मुळं सडायची ती सडलीच.

थोरल्याने बांधावर येऊन रानातला एक पांढरा खडा चिमटीत चुरडला आणि त्याला तिथल्या तिथे सगळं उमगलं. पण भोवती चारचौघं उभी होती.

"दादा," धाकटा म्हणाला, "मला चांगला चुना लावलास."

लोक खो खो हसले. 'अरे, आपल्या घरात चुना म्हणजे जिप्सम,' एवढंच सांगायचं होतं. पण त्या हसण्याने थोरल्याचं डोकं फिरलं.

"सांगितलेलं कळायला अक्कल लागते," तो म्हणाला आणि तडक निघून गेला.

त्यानंतर दोघांचं बोलणं तुटलं. दर हंगामाला गोणी फोडताना थोरल्याला तो चिमटीतला खडा आठवायचा. उद्या जाऊ, सुगी झाली की जाऊ, असं करत वर्षं सरली. शेवटी बायकोच वैतागली. "जीभ उचलायला क्रेन मागवू का तुमची?"

तेव्हा कुठे तो धाकट्याच्या ओसरीवर जाऊन बसला. इकडचं तिकडचं काही न बोलता म्हणाला, "चूक माझी होती. मला जिप्सम म्हणायचं होतं."

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"पुढच्याच वर्षी. तुझ्या दुकानदारानेच सांगितलं, हसत हसत."

"मग आला का नाहीस, लेका?"

"अक्कल नव्हती ना मला." धाकटा हसला नाही. "तू येशील म्हणून वाट बघत होतो, दादा. दोन वर्षं रान पडीक ठेवलं. नंतर कंटाळलो."

"आता टाकू आपण. मी येतो ना बरोबर. दोन हंगामांत माती सुधारेल."

धाकट्याने मान खाली घातली. "कुठली माती? वीटभट्टीवाल्याला दिली. कमरेएवढा थर नेला त्याने."

"सगळा?"

"विटा भाजून झाल्या. अर्धं रान लोकांच्या भिंतीत गेलंय."

धाकट्याच्या बायकोने पाणी आणून दिलं. थोरल्याने तांब्या घेतला, पण प्यायचं राहूनच गेलं.