साडूंच्या कानातली नागीण

अख्ख्या वसमत तालुक्यात हळद डोळ्यांनी नव्हे, कानानं पारखणारा माणूस एकच, तो म्हणजे माझे थोरले साडू. वाळत घातलेलं हळकुंड उचलायचं, डाव्या कानाशी नेऊन कटकन मोडायचं आणि निकाल द्यायचा, "अजून दोन दिवस ऊन दाखवा." पुढे ही सवयच जडली. टरबूज असो, माठ असो, नवी खाट असो, टिचकी मारून ते कान लावणारच. माझ्या लग्नाच्या बोलणीत त्यांनी मला दोनच प्रश्न विचारले आणि सासऱ्यांना सांगितलं, "पोरगं बराबर हाय. आवाज पोकळ न्हाई."

तीन वर्षांपूर्वी नेमका तोच कान बिघडला. हळद उलथवता उलथवता साडूंना एकाएकी भोवळ आली आणि ते ढिगातच आडवे झाले. पिवळंधम्मक अंग घेऊन रांगत गेले आणि कडुलिंबाच्या बुंध्याला मिठी मारून बसले. मी सावरायला गेलो तर ओरडले, "पाव्हणं, मला काहून धरता? झाडाला धरा! ते फिरून राहिलं!" मग उलट्या, कानात दडा, आणि कोणी मळणीयंत्र चालू ठेवून निघून गेल्यासारखी अखंड घरघर. असा फेरा ओसरला की ते हमखास विचारत, "यंत्र कोणाचं चालू हाय?" शिवारात यंत्र नसायचंच.

नांदेडच्या डॉक्टरांनी आतल्या कानाचा आजार सांगितला. जेवणातलं मीठ कमी झालं, लोणचं बंद झालं, फेरे काही थांबेनात आणि डाव्या कानाचं ऐकणंही गेलं. शेवटी डॉक्टर म्हणाले, "काही जणांना वाटतं, एखादा जुना विषाणू कानाच्या नसेत दबा धरून बसतो. नागिणीवर देतात त्या गोळ्या देऊन बघू. गुण येईलच असं मात्र मी म्हणणार नाही."

एवढ्या बोलण्यातला साडूंनी एकच शब्द घरी आणला. दुसऱ्या दिवशी गाव विचारू लागलं, "नागीण कुठं उठली?" साडू कानाकडे बोट दाखवत, "हितं. आत वेटोळं घालून बसली." शेजारची एक म्हातारी नागिणीवर लावायला गेरू कालवून वाटी घेऊन आली. तिलाही त्यांनी नाराज केलं नाही. कानामागे गेरू आणि पोटात गोळी, असे काही दिवस ते हिंडले. गोळी गिळली की मान डावीकडे कलती करून बसत, औषध वाट चुकू नये म्हणून. मग एक हळकुंड कानाशी मोडत. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या अक्का, रोज विचारत, "आलं का?" साडू म्हणत, "येऊन राहिलं." चार महिने हेच चाललं. मोडलेल्या हळकुंडांनी कोनाडा भरला.

फेरे हळूहळू विरळ झाले, मग थांबले. गोळ्यांनी थांबले की आपसूक, हे डॉक्टरांनाही छातीठोकपणे सांगता आलं नाही. त्या कानाचं ऐकणं मात्र परत आलं नाही. एकाच कानावर हाकेची दिशा कळत नाही. अक्कांनी बांधावरून हाक मारली की साडू विहिरीकडे बघत, मग गोठ्याकडे, मग आभाळाकडे. आम्ही हसायचो. अक्का हसायच्या नाहीत. त्यांनी हाका मारणंच सोडलं. आता काही सांगायचं असलं की त्या वळसा घालून साडूंच्या उजव्या बाजूला येतात.

परवा मी अंगणात त्यांच्याजवळ बसलो होतो. अक्का चहा घेऊन आल्या आणि उजवीकडे वळू लागल्या, तसा साडूंनी त्यांचा हात धरला.

"काहून येवढी फिरतीस? येकदा ह्या बाजूनं बोल."

"अहो, तुमाला ऐकू न्हाई यायचं."

"बोल तर."

अक्कांनी लाजून माझ्याकडे पाहिलं, पदर सावरला आणि त्या डाव्या कानाशी वाकून बराच वेळ काहीतरी बोलल्या. साडू जागचे हलले नाहीत.

"आलं का?" मी विचारलं.

"आवाज न्हाई आला, पाव्हणं," ते म्हणाले. "ऊब आली."

अक्का काय बोलल्या ते त्यांनी विचारलं नाही. मलाही विचारवलं नाही.