चौतीस नंबरच्या केबिनमधला सौदा

माझ्या सख्ख्या मामाने मला फसवलं. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे वाचताना फसवणारा कोण आणि फसलेला कोण, याचा गोंधळ नको.

मी सातवीत होतो. मामा जनावरांच्या बाजारात दलाल. आमच्या धंद्यात भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर दस्ती, म्हणजे खांद्यावरचा रुमाल, टाकायची आणि खाली समोरच्याची बोटं धरायची. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन. एक म्हणजे शंभर की हजार, ते जनावर बघून दोघांनाही कळतं. तळव्यावर तळवा दाबला की सौदा पक्का... मग मागे फिरणं नाही.

कंधारला आमच्या ओट्यावर चार माणसांसमोर मामाने माझ्या हातावर दस्ती टाकली आणि माझं एक बोट धरलं. "चल माझ्यासंगं बाजारात. मग जा पुन्हा शाळंत." मी समजलो एक वर्ष. तळवा दाबला.

पुढच्या जूनमध्ये मी दप्तर काढलं, तेव्हा मामा हसला. "मी एक म्हणलो. वर्ष तू म्हणलास, भाच्या."

"मग एक काय?"

"ते सौद्याआधी इचारायचं असतंय."

ओट्यावरचे सगळे हसले. मी आज एकोणचाळीस वर्षांचा आहे, पण ते हसणं आठवलं की अजून कान तापतात. मामा तीन वर्षांपूर्वी वारला. मी खांदा दिला. रडलो नाही.

भूत-बित मी मानत नाही. झपाटलेली म्हणून कोणी हात न लावलेली म्हैस मी निम्म्या भावात घेऊन उदगीरच्या माणसाला पूर्ण भावात विकलेली आहे. तेव्हा मला घाबरट समजून सल्ले देऊ नका.

दहावी मी बाहेरून केली, बारावी बाहेरून केली. आता बी.ए.चं शेवटचं वर्ष, विषय इंग्रजी. नांदेडात राहतो, पण तिथे अभ्यासाला बसलो तर अख्खा बाजार चेष्टा करेल. म्हणून परीक्षेआधी पंधरा दिवस लातूरला खोली घेतली आणि क्लासेसच्या भागातल्या एका अभ्यासिकेत नाव घातलं. पहिला मजला, चौतीस नंबरची केबिन. तीन बाजूंनी प्लायवूड, वर ट्यूबलाइट, मानेवर एसी. आजूबाजूला सगळी डॉक्टर व्हायला निघालेली अठरा-एकोणीस वर्षांची पोरं-पोरी. शेजारच्या केबिनमधल्या देगलूरच्या मुलीने पहिल्याच दिवशी विचारलं, "काका, तुमचा कितवा अटेम्प्ट?"

"पहिलाच. सत्तावीस वर्षं चालू हाय," मी म्हणालो. ती तोंडावर वही धरून हसली.

अभ्यासाला एक जुनी अमेरिकन कादंबरी होती. नाव सांगत नाही, नाहीतर तुम्ही उगाच पुस्तकावर आळ घ्याल. एक म्हातारा शेतकरी आणि त्याच्याकडे राहणारी पोरकी पुतणी. तो तिला सारखं सांगतो... या पिकानंतर तुला शाळेत घालतो. पीक येतं, जातं. पुन्हा तेच.

गाइडमध्ये लिहिलं होतं की म्हातारा परिस्थितीने गांजलेला आहे. मला हसू आलं. गाइड लिहिणाऱ्याने बाजार बघितलेला नाही. शाळेचं बोलताना तो म्हातारा कधीच पोरीकडे बघत नाही, घोड्याचा खरारा करत बोलतो. द्यायचं नसलेला माणूस असाच बोलतो... हात कामात, नजर दुसरीकडे. आणि पोरीची चूक काय, तर 'हे पीक' म्हणजे नक्की कोणतं, हे ती विचारत नाही. तिथे मी पेन्सिलीने इतकी जोरात रेघ मारली की पान फाटलं.

घरी फोन लावला. माझी मुलगी आरती आठवीत आहे, अडलेले शब्द मी तिलाच विचारतो. मी तिला गोष्ट सांगितली.

"पप्पा, त्या म्हाताऱ्यावर एवढं काय चिडून राहिलात? तो अमेरिकेत हाय."

"तो कंधारात होता," मी म्हणालो. तिला काही कळलं नाही.

मंगळवार. सकाळचे अकरा. एसीमुळे हात गार पडत होते, म्हणून मी खांद्यावरची दस्ती मांडीवरच्या हातांवर टाकली. पुस्तक समोर टेबलावर. म्हातारा पुन्हा पिकाचं बोलतो त्या पानावर आलो... आणि दस्तीखाली कुणीतरी माझं एक बोट धरलं.

मी झटका देऊन दस्ती उडवली. खाली माझेच दोन हात. म्हटलं, मुंगी आली असेल. चहा पिऊन आलो.

बुधवारी तीच वेळ, तेच पान. पुन्हा एक बोट... सावकाश, नीट, धंद्यातला माणूस धरतो तसं. भीती वाटली, खोटं कशाला बोलू. पण माझा स्वभाव वाईट आहे. भीतीच्या मागोमाग राग आला. मी दस्ती काढली नाही. खाली चाचपलं. तिथे हात होता. गार, खरखरीत, दाव्याने घट्टे पडलेला. अंगठ्याला पेराच्या पुढे काहीच नव्हतं.

मामाचा उजवा अंगठा एका खोंडाच्या दाव्यात अडकून तुटला होता.

उठून पळायला हवं होतं. मी काय केलं? मी त्या हाताची चार बोटं धरली. माझी वर्षं परत दे, एवढंच डोक्यात होतं. त्याने माझं एक धरलं. मी तीन धरली. त्याने एक. मी दोन... एक. असं किती वेळ चाललं, ठाऊक नाही. सत्तावीस वर्षं रोज हेच केलेलं आहे, हात आपोआप चालतात. समोरचा हलत नाही असं दिसलं की शेवटी मिळेल ते घ्यायचं, ही सवय. त्याने शेवटचं एक धरलं आणि माझ्या हाताने, मला न विचारता, तळव्यावर तळवा दाबला.

पक्का.

दस्ती एकदम खाली बसली. पुस्तक मी वाचत होतो त्याच्या तीन पानं पुढे उघडलेलं होतं.

देगलूरची मुलगी पाण्याची बाटली घेऊन मागे उभी होती. "काका, ते आजोबा गेले का?"

"कोणते आजोबा?"

"तुमच्या मागं वाकून उभे होते ना, पटकेवाले. मी पाणी आणायला गेले तवा बघितलं. पुस्तकावर डावं बोट ठेवून वाचून राहिले होते, ओठ हलवत. उजवा हात तुमच्या दस्तीखाली. मला वाटलं, तुमच्या हाताला काई लागलं की काय."

खाली मशीनवर अंगठा लावल्याशिवाय अभ्यासिकेचं दार उघडत नाही. मॅनेजरने यादी दाखवली. बाहेरचं कोणी आलेलं नव्हतं. आणि मामाला सही येत नव्हती, वाचणं तर लांबच.

मी त्याच दुपारच्या एसटीने नांदेडला आलो. धरलेल्या बोटाला तेव्हापासून ऊब नाही. डॉक्टर म्हणाले, सगळं नॉर्मल आहे. परीक्षेला बसलो नाही. ती पुढची तीन पानं वाचायची छाती होत नाही. म्हणजे शाळा दुसऱ्यांदा गेली, तीही त्याच माणसाच्या हाताने.

पण मला झोप लागत नाही ती परीक्षा बुडाल्यामुळे नाही. त्या सौद्यात मी देणारा होतो की घेणारा? मी माझी वर्षं मागत होतो. तो काय मागत होता? आमच्यात विसार, म्हणजे सौद्याची आगाऊ रक्कम, परत केला की सौदा मोडता येतो. पण त्याने मला दिलं काय, हेच ठाऊक नसेल तर परत काय करू? जुन्या दलालांना विचारलं. एकजण हसला. दुसरा हसला नाही. म्हणाला, "आधी इचारायचं होतं."

ज्यांना खुलासा सुचतो त्यांनी तो स्वतःजवळ ठेवावा. मला खुलासा नको, उत्तर पाहिजे, आणि ते एकाच माणसाकडे आहे.

मामा, तुला आता वाचता येतं म्हणे. मग हे वाच. बोट ठेवून वाच. आणि दस्ती बाजूला टाकून, उजेडात, माझ्याकडे बघून सांग.

मला मुलगी एकच आहे.

एक काय?