मॅडमना पासवर्ड सांगायचा नाही

कुणी पासवर्ड तोंडाने सांगायला लागलं, की आमच्या मॅडम दोन्ही हातांनी कान गच्च दाबून घ्यायच्या. "नाय, नाय, मला नका सांगू!" समोरचा गप्प झाल्याची खात्री पटेपर्यंत हात खाली यायचे नाहीत. तुम्ही पाहिलं असतं तर तुम्हालाही हसू आलं असतं. मी तर जेवणाच्या सुट्टीत त्यांची नक्कल करायचो.

मॅडम मूळच्या हरसूलच्या. नाशिकला आमच्या वधूवर सूचक केंद्राची वेबसाइट सांभाळायला त्या आल्या, तेव्हा फोनवर माझी मोठी ख्याती होती. कुणी पासवर्ड विसरलं, की मी यादी उघडून वाचून दाखवायचो. सगळे पासवर्ड तिथे जसेच्या तसे लिहिलेले होते. लोक दुवा द्यायचे आणि मी फुगायचो. मॅडमनी ती यादी पहिल्याच आठवड्यात पाहिली आणि मालकांना म्हणाल्या, हे बदलायला हवं. "सवडीने बघू," मालक म्हणाले.

सवड मिळायच्या आत पेठ तालुक्यातली एक मुलगी ऑफिसात आली. नर्सिंगला शिकत होती. एका स्थळाला तिने वेबसाइटवरून नकार कळवला होता. तिच्या काकांनी मला फोन करून तिचा पासवर्ड विचारला, मी तो सांगितला, आणि काकांनी तिच्या नावाने होकार कळवून टाकला. रविवारी पाहुणे येणार होते.

"पासवर्ड माझा होता ना?" एवढंच तिने विचारलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नोंदणीत काकांच्या नंबरच्या जागी मॅडमनी मुलीचा स्वतःचा मोबाइल नंबर घातला, तिला नवा पासवर्ड ठेवायला लावला आणि तिच्याच हाताने पुन्हा नकार पाठवून घेतला. मग मालकांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. संध्याकाळपर्यंत सगळे पासवर्ड नव्या पद्धतीने साठवून ती यादी पुसली गेली, जुन्या प्रतींसकट.

सोमवारी काका हजर. "पोरीचा नवा पासवर्ड सांगा."

"माझ्याकडं नाय, काका. कुणाकडंच नाय," मॅडम म्हणाल्या.

"मग तुमचं मशीन तिला ओळखतं कसं?"

"चटणी वाटल्यावर मिरची परत अख्खी निघती का? आम्ही वाटलेली चटणीच ठेवतो. पोरीनं पासवर्ड टाकला, की पुन्हा तशीच वाटायची आन् जुळती का बघायचं. दोघींचा पासवर्ड एकच असला तरी चटणी सारखी होऊ नये, म्हणून प्रत्येकीत वेगळ्या मसाल्याची चिमूट टाकतो. आन् वाटायचं मुद्दाम सावकाश. अंदाजानं वाटून बघणारा थकला पायजे."

"लय अवघड करून ठेवलं," काका म्हणाले आणि चहा न घेताच गेले.

गेल्या वर्षी मॅडम दुसऱ्या शहरात नोकरीला गेल्या. त्यांच्याशिवाय ऑफिस अजून सुनं वाटतं.

परवा त्या मुलीचा फोन आला. आता ती नर्स आहे. लग्न ठरलंय, तिने स्वतः कळवलेल्या होकारावर.

"दादा, नोंदणी बंद करायचीय. पासवर्ड अजून पाठ आहे बघा, सांगू?"

मी फोन झटकन टेबलावर ठेवला आणि मॅडमच्या रिकाम्या खुर्चीसमोर दोन्ही कान गच्च दाबून बसलो. या वेळी ती नक्कल नव्हती.